साबांगचे अकरा बाप्तिस्मे

१९९४ साली सांता रुफिना या आमच्या समुद्रकाठच्या गावाच्या नगरपालिकेत आम्ही आठ नगरसेवक होतो आणि त्यांत बाई मी एकटी. सभागृहात पंखे दोन होते. त्यातला एकच फिरायचा, आणि त्याच्याखालच्या खुर्च्या कोण पटकावणार यावरून दर सोमवारी जेवढी ओढाताण व्हायची तेवढी अंदाजपत्रकावरही होत नसे. बाजारात माझं शिवणाच्या सामानाचं दुकान होतं. बटणं घ्यायला आलेली बाई तासभर बोलून जायची, त्यामुळे गावातलं बहुतेक सगळं मला बसल्या जागी कळायचं. मला निवडून आणलं ते याच बायकांनी.

त्या वर्षी साबांगचा प्रश्न आला. साबांग म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथली कोळ्यांची वस्ती. बांबूच्या खांबांवर घरं, खाली पाणी, एका घरातून दुसऱ्या घरात जायला फळ्या. आदल्या वर्षीच्या वादळात निम्मी वस्ती वाहून गेली होती आणि लोकांनी ती पुन्हा तिथेच उभी केली होती. मग प्रांताने ठरवलं की नदीला बांध घालायचा आणि साबांगच्या चाळीस कुटुंबांना सरकारी खर्चाने दुसरीकडे घरं बांधून द्यायची. पैसा मंजूर झाला, नकाशे आले. जागा कुठली एवढंच राहिलं होतं, आणि ते आमच्या सभेने ठरवायचं होतं.

जागा दोन होत्या. एक इंजिनियर सेवेरो पांतोहाची, डोंगराच्या पायथ्याशी, गावापासून नऊ किलोमीटर आत. पांतोहा मोठा ठेकेदार. आमच्याकडचे रस्ते, पूल, शाळांची छपरं सगळी त्याचीच. माणूस हसतमुख, हात सढळ, आणि त्याने बांधलेली छपरंसुद्धा तशी वाईट नसायची. डोंगराखालच्या त्या जमिनीत दगडांशिवाय काही पिकत नव्हतं, म्हणून ती सरकारच्या गळ्यात घालायची त्याला घाई होती.

दुसरी जागा मासळी बाजाराच्या मागची नारळाची बाग. ती माझ्या थोरल्या भावाची, मेलेसियोची. कुया मेलेसियो (कुया म्हणजे आमच्याकडे दादा) गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लग्न केलं नव्हतं, आणि डोक्यात नारळ पडेल या धास्तीने स्वतःच्या बागेत पाऊलही टाकत नसे. सरकारी भावाने ती द्यायला तो एका पायावर तयार होता. पण त्याच्यामागे त्याचं जे काही राहील ते माझ्याकडे येणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणजे सोयीची जागा नेमकी माझ्या घरची निघाली.

साबांगात माझी लहानपणापासूनची मैत्रीण राहायची, होविता. मी तिला बिता म्हणायचे. बिता मासळी विकायची. आमच्याकडे मासळीचा लिलाव ओरडून होत नाही, कानात होतो. पहाटे चारला नावा लागतात, पाट्या वाळूवर मांडल्या जातात, आणि बायका एकेक करून नाववाल्याच्या कानाशी लागून आपापला भाव सांगतात. शेजारणीने काय सांगितलं ते कोणालाच कळत नाही. नाववाला सगळ्यांचं ऐकून घेतो आणि एकीकडे बोट दाखवतो. बिता या कामात पक्की होती. भाव सांगताना नाववाल्याच्या सासूच्या गुडघ्यांचीही चौकशी करावी, म्हणायची, म्हणजे कान जरा जास्त वेळ आपल्याकडे राहतो.

आता डोंगराखालून पहाटे चारला किनाऱ्यावर यायचं कसं? तिकडून पहिली जीप सहाला सुटायची, आणि सहाला वाळूवर मांजरांशिवाय कोणी उरलेलं नसायचं. साबांगच्या बायकांना पक्की घरं मिळाली असती आणि धंदा गेला असता. बिताचा नवरा समुद्रात गेला तेव्हापासून ते घर त्या पाटीवरच चाललं होतं.

“निला, तिकडे राहून मी विकू काय? बेडूक?” तिने मला विचारलं.

मी म्हटलं, काळजी करू नकोस. पण काळजी मलाही होती.

कारण मे महिन्यात पांतोहाच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला होता. त्याला पन्नाशीत जुळं झालं, म्हणून तीन अख्खी डुकरं भाजली, बँड बोलावला. धर्मबाप म्हणून त्याने आठातल्या सहा नगरसेवकांना बोलावलं, शिवाय सभा चालवणारे उपनगराध्यक्ष कोर्नेलिओ, ज्यांना सगळे व्हाइस म्हणायचे, त्यांना. मला बोलावलं नाही, त्याचं कारण उघड होतं. इलिसेओ मास्तरांना बोलावलं नाही कारण ते मेथडिस्ट, कॅथलिक बाळाचे धर्मबाप व्हायला त्यांना आमच्या फादरांनी उभंच केलं नसतं. बाकीचे नवे शर्ट घालून गेले. आमच्यात धर्मबाप व्हायला कोणी बोलावलं तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं की बाळाची सगळी दुखणी आपल्या माथी येतात. आणि एकदा बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं की त्या घरातली मोठी माणसं आणि धर्मबाप एकमेकांचे कुंपारे होतात, बाई असेल तर कुमारे. मग जन्मभर ‘पारे, पारे’ म्हणायचं आणि हाक आली की धावायचं. सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं तर गाव समजून घेतं, कुंपारेशी टाकलं तर दारात कोणी उभं करत नाही.

जागेचा विषय पहिल्यांदा सभेपुढे आला तेव्हा देन्सिओ उभा राहिला. देन्सिओची भाताची गिरणी होती, आवाज मोठा होता, आणि वकिलीच्या परीक्षेला तीनदा बसल्यामुळे कायद्याचं बोलायचं काम आम्ही त्याच्यावरच सोपवलेलं होतं. तो म्हणाला, दोनपैकी एक जागा ‘कोन्सेहाला’ म्हणजे नगरसेविका निला यांच्या सख्ख्या भावाची आहे, तेव्हा कायद्याप्रमाणे त्यांनी या विषयाला सभेत बसू नये. त्याचं बरोबर होतं. मी घरून ठरवूनच आले होते. फक्त त्याने आधी म्हटलं. मी उठले. पण उठता उठता विचारलं, की इंजिनियरच्या जुळ्यांचे सहा धर्मबाप इथे बसलेत, त्यांचं काय?

“रक्ताचं नातं आणि लग्नाचं नातं, चौथ्या पायरीपर्यंत. कायद्यात एवढंच आहे,” देन्सिओ म्हणाला. “पाण्याने कोणी नातेवाईक होत नाही, निला. नाहीतर दर पावसात सगळं गाव एका घरचं झालं असतं.”

सगळे हसले. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. मग बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. वादळात सभागृहाच्या खिडक्यांच्या काचा गेल्या होत्या त्या अजून बसवलेल्या नव्हत्या, त्यामुळे आतलं सगळं बाकावर नीट ऐकू यायचं. पांतोहाची जागा घ्यावी असा ठराव देन्सिओने मांडला आणि शेवटचं मतदान पुढच्या महिन्यातल्या सभेत घ्यायचं ठरलं. एकटे इलिसेओ मास्तर विरुद्ध बोलले. मास्तर हळू बोलायचे आणि पंखा मोठ्याने फिरायचा.

संध्याकाळी बिता दुकानात आली. मी तिला झालं ते सांगितलं, देन्सिओचं पावसाचं वाक्यही सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. तिने लेसचं रीळ उलगडायला घेतलं.

“म्हणाला असं? सगळ्यांसमोर?” तिने विचारलं.

“सगळ्यांसमोर.”

“आमच्या लुसिंगच्या पोराचा बाप्तिस्मा राहिलाय,” ती म्हणाली. लुसिंग तिची मुलगी. “पांढरी लेस दे मला, दोन वार.”

दुसऱ्या दिवशी ती केळीच्या पानात गुंडाळलेला मोठा लापुलापु मासा घेऊन देन्सिओच्या घरी गेली. देन्सिओ आंघोळीला गेलेला असताना गेली, हे मुद्दाम. त्याची बायको फेलिसा रोज सकाळी चर्चला जाणारी. बिताने तिला बाळ कसं गोरंगोमटं आहे ते सांगितलं, बाळाचे आजोबा समुद्रात गेले ते सांगितलं, आणि बाळाला धर्मबाप म्हणून देन्सिओच हवेत अशी पोरीची फार इच्छा आहे असं सांगितलं. देन्सिओ डोकं पुसत बाहेर आला तोवर फेलिसाने हो म्हणून टाकलं होतं आणि मासा चुलीवर चढला होता.

त्याला संशय आला नाही असं नाही. पण नाही म्हणायची सोय कुठे होती? त्यातून त्याला वाटलं, एक गरीब बाळ आहे, काय बिघडणार. त्याला काय ठाऊक, की त्या आठवड्यात साबांगच्या बायका केळीच्या पानातले मासे घेऊन गावभर फिरत होत्या. वस्तीत बाप्तिस्मा राहिलेली बाळं अकरा निघाली. एक पोरगा तर चांगला तीन वर्षांचा होता, स्वतःच्या पायांनी चालत आला. मास्तर सोडून प्रत्येक नगरसेवकाच्या घरी कोणीतरी गेली, आणि घरचा पुरुष बाहेर असताना गेली. व्हाइस कोर्नेलिओंकडे दोघी गेल्या. मलाही बिताने धर्मआई व्हायला सांगितलं. मी म्हटलं, अगं मी या विषयात आधीच अडकलेली. ती म्हणाली, “तू तर बाहेर बसलीच आहेस. आणखी किती बाहेर काढतील? समुद्रात?”

फादर होनोरियोंनी सगळे बाप्तिस्मे एकाच रविवारी ठेवले. कुया मेलेसियोने त्याच्या बँडला फुकट वाजवायला लावलं. बाळं रडत होती, नगरसेवक मेणबत्त्या धरून ओळीने उभे होते, आणि ओळीत शेजारी कोण आहे ते पाहून एकेकाचा चेहरा बदलत होता. फादर देन्सिओपाशी आले तेव्हा त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मेणबत्तीकडे पाहिलं. नंतर जेवण साबांगातच झालं, खांबांवरच्या घरांत. एवढे वजनदार लोक एकाच वेळी आल्यामुळे लुसिंगच्या घराची फळी करकरली आणि व्हाइसचा एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. त्यांनी तो काढला, चप्पल तेवढी नदीनेच ठेवून घेतली. सगळ्यांत मोठ्याने हसले ते स्वतः व्हाइसच.

मतदानाच्या सोमवारी सभागृह भरून गेलं. साबांगच्या बायका बाळांना घेऊन पुढच्या रांगांत बसल्या होत्या. पहिल्या रांगेत कडेला पांतोहा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. फेलिसा मागे होती. मी बाकावर, खिडकीपाशी.

विषय पुकारल्यावर लोकांना बोलायची संधी असते. बिता उभी राहिली.

“पारे देन्सिओ, एक विचारायचं होतं.”

व्हाइस म्हणाले, सभागृहात ‘पारे’ नाही, ‘कोन्सेहाल’ म्हणावं, होविताबाई.

“तुम्हाला चालत नसेल तर तसं म्हणते, पारे कोर्नेलिओ,” ती म्हणाली, आणि मागच्या रांगा हसायला लागल्या. “मागच्या सभेत म्हणे ठरलं की पाण्याने नातं होत नाही. होत नसेल तर होत नाही. पण मग ते इथे मोठ्याने सांगा. इंजिनियरसाहेब समोरच बसलेत. त्यांची जुळी तुमची कोणी लागत नाहीत, हे त्यांच्या तोंडावर सांगा. आमच्या बाळांना आम्ही घरी जाऊन सांगू.”

देन्सिओ समोरचे कागद चाळायला लागला. मी खिडकीतून पाहत होते. पांतोहाच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, पण तो मान पुढे काढून देन्सिओकडे पाहायला लागला होता. देन्सिओच्या गिरणीपर्यंतचा चिखलाचा रस्ता डांबरी करून देईन असा शब्द पांतोहाने त्याला दिलेला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. जुळी माझी कोणी नाहीत असं म्हटलं तर रस्ता गेला आणि इज्जतही गेली. तेवढ्यात मागून फेलिसाचा आवाज आला. तिच्या मांडीवर लुसिंगचं पोर होतं.

“बोल ना, गाउदेन्सियो,” ती म्हणाली. पूर्ण नाव ती फक्त रागावल्यावर घ्यायची.

“होतं,” देन्सिओ म्हणाला. “नातं होतं.”

“मग निलाने केलं तसं करा,” बिता म्हणाली. “तिचा एकीकडे भाऊ आहे म्हणून ती बाहेर जाऊन बसली. तुम्ही तर दोन्हीकडचे. बाक लांब आहे.”

देन्सिओने कागद गोळा केले आणि तो बाहेर आला. “सरक जरा, निला,” म्हणाला आणि धपकन बसला. मग दुसरा आला, तिसरा आला. बाक भरल्यावर उरलेले व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. आत आता टेबलापाशी व्हाइस आणि इलिसेओ मास्तर एवढेच होते.

“मास्तर, आता तुम्ही आणि मी,” व्हाइस म्हणाले.

“तुम्हीसुद्धा नाही, व्हाइस,” मास्तर त्यांच्या हळू आवाजात म्हणाले. “तुम्ही साबांगच्या दोघांचे धर्मबाप आणि इंजिनियरांच्या जुळ्यांचेही. सभेत आता मी आणि पंखा.”

पंखा खरंच चालू होता, आणि त्याच्याखालच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या होत्या. मास्तरांनी सुचवलं, की हा विषय प्रांताकडे पाठवावा, तिथून अशी माणसं यावीत ज्यांनी आमच्या गावात एकाही बाळाच्या डोक्यावर पाणी पडताना पाहिलेलं नाही. व्हाइसनी तसं लिहून घ्यायला सांगितलं आणि तेही व्हरांड्यात आले. कोणीतरी खालून गरम बिबिंका मागवला. नगरपालिकेचं सगळं मंडळ व्हरांड्यात उभं राहून तांदळाचा केक खातंय असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पांतोहा माझ्यापाशी येऊन थांबला. म्हणाला, “कोन्सेहाला, पैसा दोन्ही हातांनी येणार म्हणायचं तुमच्या घरात.”

“मी तर केव्हाची बाहेर बसले आहे, इंजिनियर,” मी म्हटलं. “आत काय झालं ते मला काय ठाऊक?”

तो खिडकीच्या रिकाम्या चौकटीकडे पाहून हसला. त्याला विनोद कळायचा, हे मान्य करायला हवं.

पण काम अजून झालं नव्हतं. आठवडाभराने प्रांताकडून तिघं आले, दोन पुरुष आणि एक बाई. त्यांना जागा दाखवायला व्हाइसनी देन्सिओला पाठवलं, कारण दोन्ही जागांचे कागद त्यालाच माहीत होते. पुढचं मला देन्सिओनेच सांगितलं, आणि नंतर इतक्यांदा सांगितलं की मी तिथे होते असंच मला वाटतं. डोंगराखाली पांतोहाने मांडव घातला होता, जेवण मांडलं होतं. वारा छान होता. तिघांना जागा पसंत पडत चालली होती. तेवढ्यात त्या बाईने विचारलं, हे लोक करतात काय? देन्सिओने सांगितलं, मासळी. लिलाव किती वाजता असतो? त्याने सांगितलं, पहाटे चारला. मग इथून किती वाजता निघावं लागेल?

पांतोहा शेजारी पाणी ओतत उभा होता. त्याने देन्सिओकडे पाहिलं आणि सावकाश म्हणाला, “पारे, माझी एक गाडी आहेच की. सांग त्यांना.”

गाडी महिनाभर धावली असती, फार तर दोन महिने. देन्सिओला ते माहीत होतं, आणि पांतोहालाही माहीत होतं की देन्सिओला ते माहीत आहे.

“चालत निघायचं म्हटलं तर झोपायच्या आधीच निघावं लागेल, मॅडम,” देन्सिओ म्हणाला. “गाडीचं काही खरं नाही. माफ कर, पारे. तिकडेही माझं एक पोर आहे.”

जागा बाजारामागची ठरली. साबांगच्या बायका बागेतून किनाऱ्यावर चालत जायच्या आणि उजाडायच्या आत परतही यायच्या.

कुया मेलेसियोने मिळालेल्या पैशांतून नवं क्लॅरिनेट घेतलं आणि उरलेले बँकेत ठेवून त्यांच्याकडे नारळांकडे पाहावं तसं दुरूनच पाहिलं. तो २००३ मध्ये गेला. पैसे माझ्याकडे आले, आणि मी ते घेतले. साबांगनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत मात्र मी पडले होते. डोंगराकडच्या वाड्या म्हणाल्या, बाई बाहेर बसूनसुद्धा आपल्या भावाची बाग विकून गेली. त्यांचं ऐकल्यावर बिता इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि त्यापुढच्या निवडणुकीला तिने मला उभं राहू दिलं नाही.

पांतोहाने त्या जमिनीवर कोंबड्या पाळल्या आणि त्यात तो आधीपेक्षा श्रीमंत झाला. देन्सिओशी त्याने वर्षभर बोलणं टाकलं, मग लोकांनीच त्याला दारात उभं करणं सोडलं तेव्हा तो भाजलेलं डुक्कर घेऊन देन्सिओकडे गेला. गिरणीचा रस्ता मात्र डांबरी झाला नाही. देन्सिओ नंतर तीनदा निवडून आला. त्याला नंतर आणखी धर्मपोरं होत गेली, आणि नाताळच्या सकाळी सगळी भेटी मागायला यायची म्हणून तो मागच्या दाराने निघून जायचा. तो आता अमेरिकेत मुलीकडे असतो आणि तिथून फोन करून तीच गोष्ट सांगतो. कोर्नेलिओ नगराध्यक्ष झाले आणि त्यांनी काचा बसवल्या.

लुसिंगचा पोरगा जहाजावर आहे. दर वेळी येताना मला पेपरमिंट आणतो, मला ते आवडत नाहीत हे अजून त्याला सांगितलेलं नाही.

बिता २०११ मध्ये बागेतल्या त्या घरातच गेली, आणि त्या दिवशीसुद्धा पहाटे ती लिलावाला जाऊन आली होती.

इलिसेओ मास्तर शेवटपर्यंत कोणाचेच कुंपारे झाले नाहीत. त्यांच्या शवपेटीला खांदा द्यायला मात्र गावात भांडण झालं, आणि शेवटी बाजारापासून दफनभूमीपर्यंत दर कोपऱ्यावर खांदेकरी बदलावे लागले.